शहर, प्रभावक्षेत्र आणि शासनव्यवस्था : कोल्हापूरच्या प्रादेशिक भूमिकेचे विवेचन

प्रस्तावना

प्रादेशिक विकासाच्या अभ्यासात शहराचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी केला जातो. वाल्टर ख्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतील वस्त्यांच्या अभ्यासातून मांडलेल्या मध्यवर्ती स्थान सिद्धांतानुसार शहर हे भोवतालच्या लहान वस्त्यांना वस्तू व सेवा पुरविणारे केंद्र होय. फ्रान्स्वा पेरू यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विकासध्रुवाच्या संकल्पनेनुसार गतिमान उद्योगांच्या समूहातून वाढीच्या लाटा निर्माण होतात आणि त्या आजूबाजूच्या अर्थव्यवस्थेत पसरतात. पेरू यांचा ध्रुव मुळात भौगोलिक नव्हताच, तो आर्थिक अवकाशातील होता. त्याला नकाशावरील शहराच्या ठिपक्यावर आणून बसविण्याचे काम त्यांच्यानंतरच्या नियोजनकारांनी केले. तथापि या दोन्ही विचारांत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. शहराचा आर्थिक प्रभाव जेथवर पोहोचतो, तेथवर कारभार कोणाचा असतो, हा तो प्रश्न होय.

कोल्हापूर हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त उदाहरण आहे. महानगरपालिकेचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ५ लाख ४९ हजार. आकाराने हे मध्यम शहर. परंतु त्याची बाजारपेठ, रुग्णालये, विद्यापीठ, कारखानदारी आणि आता न्यायपीठ यांवर दक्षिण महाराष्ट्र, तळकोकण आणि सीमेपलीकडील निपाणी-चिकोडीचा भाग कमीअधिक प्रमाणात अवलंबून आहे. एकेकाळी हे शहर आणि त्याचा बराचसा प्रदेश एकाच सत्तेखाली होता. आज प्रदेश पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे, मात्र त्या प्रदेशात शहराचा शब्द चालत नाही. या स्थित्यंतराची कारणे आणि परिणाम यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संस्थानकाळातील शहर व प्रदेश

कोल्हापूर संस्थानचे क्षेत्रफळ सुमारे ३,२०० चौरस मैल होते. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी यांसारख्या जहागिरी त्यात अंतर्भूत होत्या आणि त्यांच्या अधिकारांवरून दरबाराशी वादही होत असत. त्यामुळे संस्थानात सर्वत्र एकछत्री कारभार होता, असे म्हणणे काटेकोर ठरणार नाही. तरीही रस्ता, पाणी, बाजार आणि शाळा यांविषयीचे निर्णय एकाच दरबारात होत असत, ही वस्तुस्थिती महत्त्वाची आहे.

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग सुरू झाला. पुढे चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी रेल्वेस्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. गूळ हा येथील मुख्य माल. करवीर, पन्हाळा, राधानगरी या भागांतील गुऱ्हाळघरांतून गुळाचे रवे बैलगाडीने शाहूपुरीत यावेत, तेथे अडत दुकानांत सौदे व्हावेत आणि माल रेल्वेने गुजरातपर्यंत जावा, ही साखळी त्यातून सिद्ध झाली. बाजारपेठ शहरात वसली, परंतु तिचा हेतू शेतीमालाला वाट करून देण्याचा होता. पुढे बाजार समितीचे आवार झाले आणि व्यापार तेथे गेला. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताचे गूळसौदे मात्र अद्यापि या शहराच्या पंचांगाचा भाग आहेत. १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली. ती गिरणी पुढे बंद पडली, पण कारखान्यात काम करणारा शहरी मजूरवर्ग तिने घडविला.

शैक्षणिक धोरणाचेही असेच. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली आणि त्यानंतर विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हटले जाते ते त्यामुळेच. या वसतिगृहांचा विचार सहसा सामाजिक सुधारणेच्या संदर्भात होतो व ते योग्यच आहे. मात्र प्रादेशिक अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही त्यांचे महत्त्व आहे. शहरातील महाविद्यालय खेड्यातील मुलाला खुले असून भागत नाही, त्याला शहरात राहण्याची जागा लागते. वसतिगृह ही शहराची सेवा प्रदेशापर्यंत नेणारी यंत्रणा होती. जुलै १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. शहरात शिकलेला मुलगा संस्थानच्या कारभारात येण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. शिक्षण, नोकरी व प्रदेश यांची सांगड एका धोरणात घातली गेल्याचे हे ठळक उदाहरण होय.

धरण, बंधारे आणि उद्यमनगर

कोल्हापूरच्या औद्योगिक विकासाची चर्चा बहुधा शिवाजी उद्यमनगरापासून सुरू होते. वस्तुतः ती राधानगरीपासून सुरू व्हावयास हवी. भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शाहू महाराजांनी हाती घेतले. खर्चाच्या ओढाताणीमुळे ते मध्येच थांबले आणि १९५० च्या दशकात पूर्ण झाले. या धरणाला कालव्यांचे जाळे नाही. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातूनच वाहते व जागोजागी बांधलेल्या बंधाऱ्यांनी ते अडविले जाते. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा संपताच बरगे बसवावयाचे आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढून घ्यावयाचे, ही पद्धत येथे इतकी रुळली की महाराष्ट्रभर अशा बंधाऱ्यास कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेच म्हटले जाते.

नदीत अडविलेले पाणी काठावरील शेतात चढविण्यासाठी इंजिन व पंप लागतो. गावोगावच्या उपसा सिंचन संस्थांनी ही इंजिने घेतली, ती बिघडू लागली आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी, सुट्या भागांसाठी शेतकरी शहरात येऊ लागला. दुरुस्तीतून सुटे भाग घडविणे, त्यातून ओतकाम आणि त्यातून पूर्ण यंत्र बनविणे, असा उद्यमनगराचा विकासक्रम दिसतो. गुऱ्हाळाचे चरक व साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीची कामे यांनी त्याला हातभार लावला. अर्थात कारागिरीची परंपरा त्याआधीची होती. बाबुराव पेंटर यांनी मूकपटाच्या काळात येथील मिस्त्रींच्या साहाय्याने कॅमेरा तयार केला, हे सर्वश्रुत आहे. परंतु कारागिरी असणे आणि तिला नियमित गिऱ्हाईक मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. उद्यमनगराचे पहिले मोठे गिऱ्हाईक नदीकाठचा ऊस उत्पादक शेतकरी होता.

आज कोल्हापूर परिसरातील ओतकाम उद्योग देशातील प्रमुख समूहांपैकी एक मानला जातो. मोटारी, ट्रॅक्टर, पंप यांच्या ओतीव भागांसाठी देशविदेशातून मागणी येते. विकासध्रुवाच्या सिद्धांतानुसार वाढ शहराकडून खेड्याकडे झिरपावयास हवी. येथे ती आधी उलट दिशेने आली. सुपीक नदीखोऱ्यातील पैसा शहरात गुंतला आणि नंतर शहरातील कारखान्यांनी खेड्यातील तरुणांना काम दिले. हा क्रम ध्यानात न घेता केलेले नियोजन शहराला मोठेपणा देते, पण त्या मोठेपणाचा उगम विसरते.

सहकाराने बदललेले संतुलन

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. शहर जिल्ह्याचे ठिकाण राहिले, राजधानी राहिले नाही. या बदलाची चर्चा बहुधा भावनिक अंगाने होते. प्रशासकीय अंगाने पाहता, शहराचा प्रदेशावरील निर्णयाधिकार या दिवशी संपला. पुढील तीन दशकांत हा अधिकार मुंबईतील मंत्रालय आणि ग्रामीण सहकारी संस्था यांच्यात वाटला गेला.

सहकारी साखर कारखान्यांचे भौगोलिक वितरण पाहिले असता हे स्पष्ट होते. इचलकरंजीजवळ पंचगंगा, वारणानगर येथे वारणा, बिद्री येथे दूधगंगा-वेदगंगा, परिते येथे भोगावती, कुडित्रे येथे कुंभी-कासारी असे कारखाने उसाच्या पट्ट्यात उभे राहिले. शहराच्या हद्दीत कसबा बावडा येथील छत्रपती राजाराम कारखाना तेवढा आहे. प्रत्येक कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालय, दवाखाना, पतसंस्था, बाजार अशी लहान केंद्रे निर्माण झाली. तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले वारणानगर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. ख्रिस्टालर यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर मध्यवर्ती स्थानांच्या उतरंडीत नव्या पायऱ्या तयार झाल्या.

१९६३ मध्ये नोंदणी झालेला जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे गोकुळ, आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक यांचे स्वरूप आणखी बोलके आहे. या संस्थांचा पैसा, नोकरवर्ग आणि व्यवहार यांमुळे शहराच्या पेठेत उलाढाल होते. परंतु त्यांचे मतदार गावोगावच्या प्राथमिक संस्थांचे ठरावधारक प्रतिनिधी असतात. निवडणुकीच्या काळात ठरावांची जुळवाजुळव कशी चालते, हे या जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयीन प्राध्यापकास निराळे सांगावयास नको. संस्था आर्थिकदृष्ट्या शहराशी जोडलेली, पण राजकीयदृष्ट्या गावाला उत्तरदायी, अशी ही रचना आहे. ग्रामीण भागाला तिने जे बळ दिले ते मोलाचे होते. त्याचबरोबर जिल्ह्याच्या राजकारणात शहर हे नेतृत्वाचे केंद्र न राहता सभांचे ठिकाण बनले, हेही नमूद केले पाहिजे.

प्रत्येक खात्याचा निराळा नकाशा

शहराची प्रादेशिक भूमिका शासकीय यंत्रणेत कशी उमटते, हे पाहिले असता विलक्षण विस्कळीतपणा आढळतो. महसूल विभागाच्या दृष्टीने कोल्हापूर हा पुणे विभागातील एक जिल्हा आहे आणि विभागीय आयुक्त पुण्यास बसतात. पोलिसांच्या कोल्हापूर परिक्षेत्रात मात्र पुणे ग्रामीणचाही समावेश होतो. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आरंभी सोलापूर होते. २००४ मध्ये सोलापूरसाठी स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे उरले. माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा कोल्हापूर विभागही या तीन जिल्ह्यांचा आहे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात येणारा रुग्ण सिंधुदुर्गातील किंवा सीमाभागातील असू शकतो. तेथे कार्यक्षेत्राची रेषा आजारपणच ठरविते.

असे विविध नकाशे असणे स्वतः दोषास्पद नाही. पाण्याचे खोरे, रुग्णांचा ओघ आणि परीक्षार्थींची संख्या यांच्या सीमा एकच असाव्यात, असा आग्रह धरता येत नाही. अडचण निराळी आहे. हे सर्व नकाशे ज्या शहरात एकत्र येतात त्या शहराची महानगरपालिका यांपैकी एकाही नकाशात निर्णयकर्ती नाही. रस्ता, पाणी, वाहनतळ व कचरा यांचा भार तिच्यावर पडतो. कार्यालय कोठे व्हावे, विद्यार्थी किती यावेत, रुग्ण कोठून यावेत, हे मात्र ती ठरवीत नाही.

संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने या प्रश्नावर दोन उपाय सुचविले होते. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. दहा लाख वा अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी जिल्हा नियोजन समिती, असे हे उपाय होत. कोल्हापूर व लगतची नागरी वस्ती मिळून २०११ मध्ये लोकसंख्या पाच लाख साठ हजारांच्या आसपास होती. म्हणजे पहिला उपाय येथे लागू होत नाही. दुसऱ्या उपायात किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्थांच्या निर्वाचित सदस्यांतून निवडावयाचे असतात आणि त्यांची संख्या ग्रामीण-नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात ठरते. जिल्ह्याची नागरी लोकसंख्या २०११ मध्ये एक तृतीयांशापेक्षा कमी होती आणि तीही कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज आदी ठिकाणी विभागलेली. ग्रामीण बहुसंख्येला ग्रामीण बहुमत मिळावे, यात गैर काही नाही. मात्र शहरातील ज्या सुविधा ग्रामीण लोकही वापरतात त्यांचे नियोजन या चौकटीत कोणाच्याच वाट्याला येत नाही.

त्यात आणखी एक भर पडली. महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली व त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. मार्च २०२२ पासून जिल्हा परिषदेतही प्रशासक आले. ज्या सदस्यांतून नियोजन समितीवर प्रतिनिधी निवडावयाचे, ते सदस्यच त्या काळात अस्तित्वात नव्हते. जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्याला मंजुरी मिळत राहिली, पण शहर आणि खेडे यांचे निर्वाचित प्रतिनिधी ज्या एका मेजाभोवती बसावेत अशी संविधानाची अपेक्षा होती, तेथील त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

हद्दवाढ : दोन्ही बाजूंचा हिशेब

कोल्हापूर नगरपालिकेची स्थापना १८५४ ची. १५ डिसेंबर १९७२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. त्यानंतरच्या अर्धशतकात शहराची लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली. हद्द मात्र होती तेवढीच राहिली. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती हद्दीबाहेर आहेत आणि विमानतळ उजळाईवाडीत आहे. कापडाची घाऊक बाजारपेठ गांधीनगरात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच वळिवडे परिसरात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले आणि त्यांनी ही बाजारपेठ उभी केली. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव या गावांतून फिरताना शहर कोठे संपले ते पाटी वाचल्याखेरीज कळत नाही.

हद्दवाढीचे प्रस्ताव अनेकदा तयार झाले आणि प्रत्येक वेळी गावांच्या विरोधामुळे बारगळले. या विरोधास शहरात संकुचितपणा म्हणून हिणविण्याची प्रवृत्ती आहे. ती अन्यायकारक आहे. ग्रामपंचायतीचा कर कमी असतो. महापालिकेत गेल्यास विकास आराखड्यातील आरक्षण शेतजमिनीवर पडण्याची भीती असते. ग्रामविकासाच्या योजना व जिल्हा परिषदेचा निधी बंद होतो. सरपंचपद जाते आणि त्याऐवजी मोठ्या सभागृहातील एखादी जागा वाट्याला येते. शिवाय शहरातील उपनगरांनाच पाणी व रस्ते वेळेवर मिळत नसतील, तर आपल्याला ते कसे मिळणार, या गावकऱ्यांच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देता आलेले नाही. गावांचा विरोध हा हिशेबातून आलेला आहे आणि हिशेबाला उत्तर हिशेबानेच द्यावे लागते. हद्दवाढीस विरोध करणाऱ्या गावांची शहर बससेवा बंद करावी, अशी मागणी शहरातून होते तेव्हा हे सूत्र सुटते. त्या बसमधून गावकरी शहरात येतो तो काम करण्यासाठी व खरेदी करण्यासाठी. बस बंद झाल्यास नुकसान गावाइतकेच पेठेचेही आहे.

२०१७ मध्ये शासनाने हद्दवाढीस पर्याय म्हणून ४२ गावांसाठी कोल्हापूर शहर क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन केले. ग्रामपंचायती कायम ठेवावयाच्या आणि नियोजन मात्र एकत्र करावयाचे, ही कल्पना तत्त्वतः समंजस होती. परंतु महापालिकेस करांचे उत्पन्न असते, ग्रामपंचायतीस निर्वाचित सभासद असतात, प्राधिकरणास यांपैकी काहीच नाही. गावकऱ्याचा त्याच्याशी संबंध येतो तो मुख्यतः बांधकाम परवानगीपुरता. अडवणूक करणारी आणखी एक पायरी अशी त्याची प्रतिमा गावांत झाली, हे त्यातूनच समजून घेता येते.

शहराच्या सेवेचे मोल कोणी द्यावे

पूर्वी जकात हे महापालिकेच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन होते. जकातीचे दोष अनेक होते. नाक्यावरील खोळंबा व गैरव्यवहार यांमुळे व्यापारीवर्ग तिच्या विरोधात होता. तथापि प्रादेशिक अर्थकारणाच्या दृष्टीने तिच्यात एक गुण होता. शहराची बाजारपेठ जेवढी वाढे, तेवढे शहराचे उत्पन्न वाढे. प्रथम तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली, २०१५ मध्ये तोही बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यानंतर राज्याकडून भरपाईचे अनुदान मिळू लागले. हे अनुदान पूर्वीच्या उत्पन्नावर दरवर्षी ठराविक टक्के वाढ देऊन काढले जाते. त्यामुळे बाजारपेठ किती वाढली याच्याशी शहराच्या तिजोरीचा थेट संबंध राहिला नाही. उरला तो घरफाळा, आणि तो हद्दीपुरताच.

टोलविरोधी आंदोलन हे या प्रश्नाचे सर्वाधिक तीव्र रूप होते. शहरांतर्गत सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते खासगीकरणातून करण्यात आले आणि वसुलीसाठी प्रवेशमार्गांवर नऊ नाके उभारण्यात आले. प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासह सर्व पक्षांतील कार्यकर्ते व सामान्य नागरिक रस्त्यावर उतरले. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द करण्याचा निर्णय शासनाने घेतला. कामाचा दर्जा, कराराच्या अटी यांविषयीचे आक्षेप रास्त होते आणि आंदोलनाचा विजय लोकशाहीच्या दृष्टीने लक्षणीय होता. मात्र त्यामागचा मूळ प्रश्न सुटला नाही. संपूर्ण जिल्हा व शेजारचे जिल्हे जे रस्ते वापरतात त्यांचा खर्च केवळ शहरातील घरमालकाने करावा काय? नाक्यावर अडवून पैसे घेणे हे उत्तर लोकांनी नाकारले. अन्य उत्तर शोधण्याची निकड त्यानंतर कोणाला भासली नाही.

नदी

हद्दीची रेषा नदीला ठाऊक नसते. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येते आणि पंचगंगा कोल्हापूरवरून, पुढे इचलकरंजीवरून वाहत नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. कोल्हापूरचे सांडपाणी जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून तिच्यात जात आले. कारखान्यांचे, गावांचे पाणी त्यात मिसळते. त्याच नदीवर इचलकरंजी अवलंबून होती. १९०४ मध्ये तेथे पहिला यंत्रमाग बसला व पुढे ते वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र झाले. २०१२ मध्ये तेथे काविळीची मोठी साथ आली आणि पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

यानंतर दोन्ही शहरांनी शोधलेले मार्ग उद्बोधक आहेत. कोल्हापूरने काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटर लांबीची थेट जलवाहिनी आणली. मार्गावरील काही गावांचा विरोध, विविध खात्यांच्या परवानग्या यांतून हे काम वर्षानुवर्षे रखडले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पाणी शहरात पोहोचले. इचलकरंजीने प्रथम वारणेचे, नंतर दूधगंगेचे पाणी मागितले. दोन्ही वेळा नदीकाठच्या गावांनी कडाडून विरोध केला. २०२२ मध्ये इचलकरंजी महानगरपालिका झाली, पण दर्जा वाढल्याने पाणी वाढले नाही. नदीकाठचा शेतकरी विचारतो की, जवळची नदी घाण करून ही शहरे आमच्या नदीवर का येतात? या प्रश्नातील रोष अनाठायी नाही. दोन्ही शहरांनी आपापल्यापुरता दूरचा उगम शोधला. पंचगंगा स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी मात्र दोन महापालिका, जिल्हा परिषद, पाटबंधारे विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्यात विभागलेली राहिली.

पुराच्या वेळी हे विभाजन जिवावर बेतते. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर आणि २०२१ मध्ये ५६ फुटांवर गेले. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. गोकुळचे दूधसंकलन विस्कळीत झाले. म्हणजे शहर बुडाले तेव्हा त्याच्यावर अवलंबून असलेला प्रदेशही थांबला. शहर व प्रदेश यांचे परस्परावलंबन कोणत्याही आकडेवारीपेक्षा त्या आठवड्याने अधिक स्पष्ट केले. राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, हे शहर दर पावसाळ्यात श्वास रोखून ऐकते. नदीकाठी शहराच्या वरच्या अंगास भराव टाकून बांधकाम होत असेल तर त्यावर मात्र त्याचे नियंत्रण नाही, आणि शहराने पूरक्षेत्रात दिलेल्या परवानग्यांचे परिणाम चिखली-आंबेवाडीच्या गावकऱ्यांना दरवेळी घर सोडून भोगावे लागतात.

न्यायपीठ आणि नवी जबाबदारी

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात कार्यरत झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. वकील संघटनांच्या व नागरिकांच्या दीर्घ लढ्याचे हे फलित होय. संस्थानकाळात कोल्हापूरचे स्वतःचे उच्च न्यायालय होते, याचीही त्या निमित्ताने आठवण झाली. आता हा विस्तार जुन्या संस्थानाच्या सीमा ओलांडून खूप पुढे गेला आहे. शासनाच्या एखाद्या शाखेने या शहराचे प्रभावक्षेत्र सहा जिल्ह्यांचे आहे असे अधिकृतपणे मान्य करण्याचा हा अलीकडील काळातील सर्वांत ठळक प्रसंग म्हणावा लागेल.

त्याचे आर्थिक परिणाम दिसू लागण्यास वेळ लागेल. निवासाची सोय, वकिलांची कार्यालये, छपाई व टंकलेखनाची कामे, उपाहारगृहे, कोकणाकडील एस.टी. गाड्यांच्या वेळा या साऱ्यांत मागणी वाढणे स्वाभाविक आहे. शाहूपुरीची पेठ वसली तेव्हा मालाचा ओघ, त्याची साठवण आणि त्याची वाट यांचा विचार एकत्र झाला होता. न्यायपीठासाठी असा विचार करावयाचा झाल्यास तो कोणत्या कार्यालयात व्हावा, हे आजमितीस निश्चित नाही. महापालिका हद्दीतील वाहनतळ पाहील, प्राधिकरण हद्दीबाहेरील बांधकामे पाहील, घाटरस्ते सार्वजनिक बांधकाम विभाग व महामार्ग यंत्रणा पाहतील आणि करूळ किंवा आंबा घाटात दरड कोसळली की सावंतवाडीचा वा लांज्याचा पक्षकार तारखेस पोहोचणार नाही.

या न्यायपीठासमोर येणाऱ्या याचिकांत जमिनीवरील आरक्षणे, पूररेषेतील बांधकामे, पंचगंगेचे प्रदूषण आणि हद्दवाढीचे वाद यांचाही समावेश असणार. आतापर्यंत त्यांच्या सुनावणीसाठी कोल्हापूरचे वादी-प्रतिवादी रात्रीच्या गाडीने मुंबईस जात असत. यापुढे गाव आणि शहर यांची ती भेट कोल्हापुरातच होईल.